प्रथिनांची विस्कटलेली घडी : स्मृतिभ्रंश व कंपवात यांची शास्त्रीय ओळख

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे फार रुळलेली आहे. त्यामुळे घरातील वृद्ध माणूस तोच तोच प्रश्न विचारू लागला, पेटती चूल तशीच ठेवून उठून जाऊ लागला, शेजारच्या गल्लीतून घरी यावयाचा रस्ता चुकू लागला, तरी कोणाला त्याचे नवल वाटत नाही. हात थरथरू लागले की ‘वय झाले’ असे म्हणून विषय संपविला जातो. आणि तोच माणूस सुनेवर चोरीचा आळ घेऊ लागला, समोर नसलेल्या माणसांशी बोलू लागला, की घरात अंगारे-धुपारे सुरू होतात. आमच्या निवासी शाळेतील विद्यार्थी दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या तालुक्यांतील आपापल्या गावी जातात, तेव्हा आजी-आजोबांमधील असा बदल पुष्कळदा त्यांच्याच प्रथम ध्यानात येतो. त्याचे कारण काय, हे त्यांना सांगणारे मात्र सहसा कोणी नसते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने या विषयाची शास्त्रीय ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथिनाची घडी

प्रथिन म्हटले की आपल्याला तुरीची डाळ, सोयाबीन, अंडी आठवतात. परंतु प्रथिने केवळ अन्नात नसतात; आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीचे काम हजारो प्रकारच्या प्रथिनांवर चालते. रक्तातून प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन हे प्रथिन, अन्न पचविणारी विकरे ही प्रथिने, स्नायू आकुंचन पावतात तेही प्रथिनांमुळेच. प्रत्येक प्रथिन हे अमिनो आम्लांची माळ होय. मणी अवघे २० प्रकारचे, पण त्यांच्या क्रमाने असंख्य माळा तयार होतात.

माळ नुसती ओवून भागत नाही. ती स्वतःभोवती वळून, दुमडून एका ठराविक आकारात बसली, तरच प्रथिन काम करू शकते. कुलपाला किल्ली लागावयाची तर तिचे दाते योग्य जागीच असावे लागतात, तसेच हे आहे. या दुमडण्याला आपण ‘घडी’ म्हणू. घडी कशी घालावयाची याची सूचना मण्यांच्या क्रमातच असते, हे अमेरिकेतील ख्रिश्चन ॲन्फिन्सेन यांनी १२४ अमिनो आम्लांच्या एका विकरावर प्रयोग करून दाखविले. त्यासाठी त्यांना १९७२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. माळेतील दुवे कोणत्या कोनांतून वळू शकतात आणि कोणत्या कोनांतून वळूच शकत नाहीत, याचा आलेख मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडला. ‘रामचंद्रन आलेख’ या नावाने तो आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जातो.

पेशीच्या आतील गर्दीत ही घडी सहज बिघडू शकते. म्हणून पेशीने काही खास प्रथिने नेमलेली असतात. नव्या नवरीबरोबर सासरी जाणाऱ्या पाठराखिणीप्रमाणे ती नव्या प्रथिनाच्या सोबत राहतात आणि भलत्याच प्रथिनाला चिकटण्यापासून त्याला जपतात. एवढे करूनही घडी बिघडलीच, तर त्या प्रथिनावर खूण करून त्याचे तुकडे करण्याची सोय पेशीत असते. या यंत्रणेच्या शोधाला २००४ चे, तर पेशी आपला केरकचरा स्वतःच कसा गिळून टाकते या संशोधनाला २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

घडी विस्कटणे म्हणजे काय, हे स्वयंपाकघरात पाहता येते. कच्च्या अंड्यातील पारदर्शक द्रव उकळल्यावर पांढरा व घट्ट होतो. उष्णतेने त्यातील प्रथिनांच्या घड्या उलगडतात, मोकळ्या झालेल्या माळा एकमेकींत गुंततात आणि त्यांचा गोळा बनतो. अंडे थंड केले तरी तो गोळा पूर्ववत होत नाही.

एका मण्याचा फरक

विदर्भाला परिचित असलेला एक आजार येथे सांगणे आवश्यक आहे. सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या एका माळेतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हा मणी येतो. या बदलाने प्रथिनाची सगळी घडी मोडत नाही. त्याच्या अंगावर केवळ एक चिकट जागा तयार होते. प्राणवायू कमी झाला की ही प्रथिने एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात आणि गोल, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी याला ‘रेणूचा आजार’ म्हटले, तेव्हा एखाद्या रोगाचे मूळ प्रथम एका प्रथिनापर्यंत पोहोचले. हा दोष कोणाच्या कर्माचा वा कुळाचा नव्हे. ज्या प्रदेशांत हिवताप दीर्घकाळ होता, तेथे वाहकाला त्यापासून काहीसे संरक्षण मिळत गेले, म्हणून तो टिकला. विवाहापूर्वी रक्ततपासणी करून घेणे हाच त्यावरील शहाणपणाचा मार्ग आहे. कारण दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

मेंदूत काय घडते

मेंदूची गोष्ट अधिक नाजूक आहे. कातडीच्या किंवा रक्ताच्या पेशी मरतात व नव्या येतात; चेतापेशी मात्र बहुतांशी जन्मभर त्याच राहतात. सत्तर-ऐंशी वर्षे एकाच पेशीला आपली झाडलोट करावी लागते. वयाबरोबर ही झाडलोट मंदावते आणि घडी बिघडलेल्या प्रथिनांचे थर साचू लागतात.

जर्मन वैद्य आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये एका मृत स्त्री-रुग्णाच्या मेंदूचे निरीक्षण मांडले. चेतापेशींच्या बाहेर साचलेले ठिपके आणि पेशींच्या आत पीळ पडलेले धागे त्यांना आढळले होते. ठिपके ‘बीटा अमायलॉइड’ या प्रथिनखंडाचे, तर धागे ‘टाऊ’ या प्रथिनाचे असतात, हे पुढे सिद्ध झाले. स्मृतिभ्रंशाचे सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे हाच अल्झायमरचा आजार होय.

कंपवाताचे वर्णन इंग्लंडमधील जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये केले. हात थरथरणे, हालचाल मंदावणे, अंग ताठरणे, चेहरा भावहीन दिसणे, पाऊल घासत चालणे ही त्याची लक्षणे. यात १४० अमिनो आम्लांचे ‘अल्फा सिन्युक्लिन’ हे प्रथिन चेतापेशींत साचते आणि डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी मरत जातात. या संशोधनात महाराष्ट्राचाही वाटा आहे. मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत समीर माजी यांचा गट या प्रथिनावर काम करतो. हे प्रथिन घट्ट धागे होण्यापूर्वी प्रथम द्रवाच्या बारीक थेंबांत एकवटते, हे थेंब हळूहळू दाट होत जातात आणि त्यांतूनच धाग्यांचा आरंभ होऊ शकतो, असे या गटाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दाखविले. तिळाच्या लाडवांसाठी केलेला गुळाचा पाक आधी वाहता असतो, मग चिकट होतो आणि शेवटी कडक होतो. त्यावरून या क्रमाची कल्पना यावी. पाक कडक होण्याआधीच तो थांबविता येईल काय, हा आता संशोधकांपुढील प्रश्न आहे.

एक विस्कटलेले प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही आपल्यासारखे करू शकते. ‘प्रायॉन’ नावाच्या अशा प्रथिनावरील संशोधनासाठी स्टॅन्ली प्रुसिनर यांना १९९७ चे नोबेल मिळाले. पापुआ न्यू गिनीमधील फोरे लोकांत मृत आप्तांचे शरीर खाण्याच्या प्रथेतून ‘कुरू’ हा प्रायॉनचा आजार पसरला होता. ती प्रथा बंद पडल्यावर तो ओसरत गेला. परंतु यावरून कोणी गैरसमज करून घेऊ नये. अल्झायमर व कंपवात हे आजार रुग्णाच्या स्पर्शाने, त्याच्या ताटात जेवल्याने किंवा त्याची सेवा केल्याने होत नाहीत. रुग्णाचे भांडे वेगळे ठेवणे हा अज्ञानातून होणारा अन्याय आहे.

उपचाराची आजची मर्यादा

कंपवातात कमी पडणारे डोपामाइन भरून काढण्यासाठी १९६० च्या दशकापासून ‘लेव्होडोपा’ हे औषध दिले जाते. त्याने हालचाल पुष्कळ सुधारते, पण पेशींचे मरणे थांबत नाही. आपल्याकडील कुंपणावर चढणारी, अंगाला लागताच खाज सुटणारी खाजकुहिलीची वेल सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्या बियांत हेच द्रव्य असते, हे भारतीय संशोधकांनी १९३७ मध्येच दाखविले होते. तरीही या बिया स्वतःच्या मनाने खाणे धोक्याचे आहे. कारण मात्रा किती जाते हे घरी कळत नाही, आणि जास्त मात्रेने उलट्या, रक्तदाब उतरणे व भास होणे असे त्रास उद्भवतात.

अल्झायमरसाठी ‘लेकानेमॅब’ या प्रतिपिंड-औषधाला अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. ते मेंदूतील अमायलॉइड हटविते. चाचणीत १८ महिन्यांमध्ये आजाराची वाढ सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली, पण गेलेली स्मृती परत आली नाही आणि काही रुग्णांच्या मेंदूला सूज आली वा रक्तस्राव झाला. साचलेले प्रथिन हटवूनही लाभ एवढाच का, हा वाद शास्त्रज्ञांत चालू आहे. एवढे मात्र खरे की, या आजारांना मुळापासून बरे करणारे औषध आज नाही. ‘खात्रीने बरा करतो’ म्हणणाऱ्याच्या हाती शेत विकून पैसा देऊ नये.

आपल्या हाती काय आहे

मग निराश व्हावे काय? तसे नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे १४ टाळण्याजोगे धोके मांडले. ते सर्व दूर करता आले, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील, असा त्यांचा अंदाज आहे. उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचे धूम्रपान, अतिमद्यपान, डोक्याला मार, न तपासलेला बहिरेपणा, अधू दृष्टी, एकटेपणा ही त्यांपैकी काही नावे. यांतील बहुतेक गोष्टींची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते. दुचाकीवर शिरस्त्राण घालणे हेही मेंदूचे रक्षणच होय.

कंपवाताच्या बाबतीत शेतकरी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. पॅराक्वाटसारखे तणनाशक व काही कीटकनाशके यांचा दीर्घ संपर्क आणि कंपवात यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. प्रत्येक रुग्णाचे कारण तेच असते, असा याचा अर्थ नाही. परंतु सोयाबीन-तुरीच्या शिवारात उघड्या अंगाने, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करू नये, आणि औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी वा धान्य ठेवू नये, हे सांगावयास एवढा पुरावा पुरेसा आहे.

त्या १४ धोक्यांत अगदी आरंभीचा धोका म्हणजे बालपणी शिक्षण न मिळणे हा होय. शिकताना चेतापेशींमध्ये नवे दुवे जुळतात. काही पेशी आजाराने गेल्या तरी उरलेले दुवे बराच काळ काम निभावून नेतात. मेंदूची ही शिल्लक लहानपणापासून साठत जाते. भारतात ६० वर्षांवरील व्यक्तींत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के असून रुग्णांची संख्या ८८ लाखांच्या घरात असावी, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरापेक्षा खेड्यात प्रमाण अधिक आढळले. ज्यांना शाळेची पायरी चढू दिली गेली नाही, ज्यांच्या हाती पाटीऐवजी खुरपे आले, त्याच आमच्या विद्यार्थ्यांच्या आज्या आहेत. शिक्षण नाकारल्याने केवळ नोकरी हुकत नाही. त्याची किंमत म्हातारपणी मेंदूला मोजावी लागते. निवासी शाळेचे मोल या दृष्टीनेही जाणले पाहिजे.

घरी काय करावे

विसरण्याचे प्रत्येक उदाहरण अल्झायमर नसते. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा दोष, नैराश्य यांमुळेही माणूस विसरू लागतो आणि उपचाराने पुष्कळ सुधारतो. म्हणून प्रथम ग्रामीण रुग्णालयात किंवा वाशीमच्या जिल्हा रुग्णालयात दाखवावे. तेथून सांगितल्यास अकोला वा नागपूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जावे. लक्षणे केव्हापासून व कशी वाढली, हे एका वहीत लिहून न्यावे. हे काम शिकलेला नातू किंवा नात उत्तम करू शकते.

रुग्णाशी वाद घालू नये. ‘आताच तर सांगितले’ असे म्हणून त्याला लाजवू नये. तोच प्रश्न दहाव्यांदा आला तरी पहिल्यासारखेच उत्तर द्यावे. त्याच्या वस्तू ठरलेल्या जागी ठेवाव्यात, खिशात नाव-गावाची चिठ्ठी असू द्यावी, विहिरीकडे व चुलीकडे लक्ष असावे. कंपवाताच्या रुग्णाला जेवावयास, बटणे लावावयास जास्त वेळ लागतो. त्याचा घास हिसकून भरवू नये, वेळ द्यावा. रात्रंदिवस सेवा एकट्या सुनेवर वा मुलीवर टाकू नये. तिलाही झोप व विसावा मिळेल अशी वाटणी घरातील पुरुषांनी करून घ्यावी.

आजी नाव विसरली तरी तिला आवाजातील माया कळते. नातवाने सुट्टीत तिच्याजवळ बसून प्रत्येक वेळी ‘आजी, मी तुझा नातू’ असे शांतपणे सांगावे. तिने विसरणे हा तिचा दोष नाही, हे या पाठातून जो शिकला, तो विज्ञान शिकला असे आम्ही समजू.