हिमालयातील बुग्याळे

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाईचे. त्याची उंची १,६४६ मीटर. याच्या दुप्पट उंचीवर हिमालयात विस्तीर्ण गवताळ मैदाने आहेत, असे सांगितल्यास पुष्कळांना नवल वाटेल. उत्तराखंडात देवदार, भूर्ज इत्यादी वृक्षांची अरण्ये जेथे संपतात, तेथपासून कायमच्या बर्फापर्यंत ही कुरणे पसरलेली आहेत. तेथील लोक त्यांना ‘बुग्याळ’ म्हणतात.

वर्षातील पाचसहा महिने ही भूमी बर्फाखाली निजलेली असते. उन्हाळ्यात बर्फ वितळले की गवत अंकुरते, आणि आषाढ-श्रावणात नाना रंगांच्या फुलांनी उतार भरून जातात. रुजणे, फुलणे, बीज धरणे हा सारा संसार तेथील रोपांना या अल्पावधीत उरकावा लागतो. बाळगुटीसाठी आजी सहाणेवर जे अतिविष उगाळते, ते अशाच कुरणातील एका रोपाचे मूळ होय. ब्रह्मकमळही तेथलेच. आपल्याकडे कुंडीत लावलेले आणि रात्री उमलणारे ‘ब्रह्मकमळ’ मात्र निराळे. ते निवडुंगाच्या कुळातील असून मूळचे अमेरिका खंडातील आहे.

मुलांनो, बुग्याळ दिसावयास जितके सुंदर, तितकेच नाजूक असते. कडाक्याच्या थंडीत पालापाचोळा लवकर कुजत नाही, त्यामुळे माती फार सावकाश तयार होते. तिचा पातळ थर गवताच्या मुळांनी गोधडीच्या टाक्यांप्रमाणे धरून ठेवलेला असतो. खेचरांच्या खुरांनी, तंबूंच्या खुंट्यांनी अथवा औषधी मुळे खणणाऱ्यांच्या कुदळीने ही गोधडी एकदा उसवली, की पावसाचे पाणी त्या फटीत शिरते. आज टीचभर असलेली घळ काही वर्षांत माणूस उतरू शकेल एवढी खोल होते.

त्यात आता उष्णतेची भर पडली आहे. गेल्या दीडशे वर्षांत पृथ्वीचे सरासरी तापमान १ अंश सेल्सियसहून अधिक वाढले आहे. डोंगरावर १,००० मीटर चढल्यास हवा सुमारे ६ अंशांनी थंड होते. यावरून हिशोब करून पाहा : तापमान १ अंशाने वाढले, तर पूर्वीचा गारवा मिळण्यासाठी रोपाला दीडशे मीटरांहून अधिक वर सरकावे लागेल. खालून झाडेझुडपे वर चढू लागतात आणि वर तर नुसता खडक व बर्फ! शिखराच्या वर सरकण्यास जागाच नसते. ही उष्णता ज्या कोळशाच्या व तेलाच्या धुरामुळे वाढते, तो बहुतांशी दूरच्या शहरांतला असतो, बुग्याळातला नव्हे.

मग या कुरणांचे रक्षण कसे करावयाचे? २०१८ साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने बुग्याळांत रात्रीच्या मुक्कामास बंदी केली. परंतु केवळ मनाई करून सर्व प्रश्न सुटत नाहीत. फ्रँक स्माइथ या इंग्रज गिर्यारोहकाने १९३१ साली पाहिलेले व पुढे जगप्रसिद्ध झालेले ‘फुलांचे खोरे’ १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि तेथील चराई थांबली. त्यानंतर पॉलिगोनम नावाची एक उंच वनस्पती इतकी माजली की तिच्या छायेत लहान फुलझाडे गुदमरू लागली. चराई थांबल्यामुळेच हे घडले, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. वनखात्याला ती वनस्पती मजूर लावून उपटावी लागते. ज्या धनगरांच्या मेंढ्या पिढ्यान्‌पिढ्या येथे चरत आल्या, त्यांना शत्रू मानणे शहाणपणाचे नव्हे, असे मला वाटते.

उत्तरकाशी जिल्ह्यातील दयारा बुग्याळाचेच उदाहरण घ्या. भाद्रपद संक्रांतीच्या सुमारास रैथल गावचे लोक तेथे जमतात, निसर्गदेवतांना दूधलोणी अर्पण करतात आणि एकमेकांना लोणी-ताक माखून उत्सव साजरा करतात. या बुग्याळातही घळी पडू लागल्या होत्या. तेव्हा वनखात्याने समुद्रकाठच्या नारळाच्या सोडणापासून काढलेला काथ्या तेथवर नेला. काथ्याच्या जाळ्या उघड्या उतारांवर अंथरल्या, आणि चिडाच्या वाळलेल्या सुया जाळ्यांत भरून त्यांचे लहान बांध घळींत आडवे घातले. पाण्याचा वेग मंदावला की गाळ बांधाशी अडतो व त्यात गवत रुजू शकते. काथ्या काही वर्षांनी कुजून मातीत मिसळून जातो. तोपर्यंत मुळांनी ती माती धरावयाची, अशी ही योजना आहे.