रानातील मुक्काम : निवारा व अंथरूण

डोंगरात प्रथमच मुक्कामास जाणारा मनुष्य सामानाची यादी करू लागला की आरंभ तंबूपासून करतो. नंतर पांघरुणाचा विचार करतो. आणि खाली काय अंथरावयाचे याची आठवण त्याला बहुधा सर्वांत शेवटी होते. थंडीच्या दृष्टीने पाहिले असता हा क्रम उलटा आहे. तो का, हे समजण्यासाठी ऊब म्हणजे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे.

ऊब कोठून येते?

तंबू, रजई, घोंगडी यांपैकी एकही वस्तू स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. रात्री तंबूत एकच शेगडी पेटलेली असते, आणि ती म्हणजे झोपलेल्या मनुष्याचे शरीर होय. निद्रिस्त प्रौढ मनुष्याच्या शरीरात सुमारे ७० ते ८० वॅट इतकी उष्णता निर्माण होत असते. त्याहून अधिक उष्णता बाहेर जाऊ लागली, तर प्रथम हुडहुडी भरते. शरीराच्या आतील तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरले म्हणजे बोलणे अडखळते, विचारशक्ती मंदावते आणि अखेर प्राणावर बेतते.

ही उष्णता चार वाटांनी निघून जाते : वहनाने जमिनीत, अभिसरणाने वाऱ्याबरोबर, प्रारणाने निरभ्र आकाशाकडे, आणि बाष्पीभवनाने घाम व श्वास यांच्यावाटे. सामानातील कोणती वस्तू कोणती वाट अडविते, हा प्रश्न विचारला की निवड पुष्कळच सोपी होते.

अंथरूण

ऊब राखणारा खरा पदार्थ म्हणजे स्थिर हवा. लोकर, पिसे व कापूस हे उबदार वाटतात, ते त्यांच्या तंतूंत अडकून पडलेल्या हवेमुळे. जाड पांघरुणाच्या पिशवीत शिरून झोपले असता वरची पिसे फुललेली राहतात. परंतु पाठीखालची पिसे शरीराच्या भाराने चेपली जातात व त्यांतील हवा निघून जाते. परिणामी, पांघरूण कितीही भारी असले तरी पाठीची उष्णता थेट जमिनीत जाते. म्हणून भाराखाली चेपले जाणार नाही असे अंथरूण हवे.

बारीक बंद छिद्रांच्या फेसाची गादी या कामी उत्तम. ती टोचली तरी निकामी होत नाही. नुसती फुगविलेली गादी मऊ असते. पण तिच्या मोठ्या पोकळीत हवा फिरत राहून उष्णता खाली नेते. यासाठी आत फेस किंवा पिसे भरलेली फुगवणी गादी घ्यावी. गादीच्या उष्णतारोधाचा अंक ‘आर-मूल्य’ या नावाने दिलेला असतो. उन्हाळ्यात १ ते २ पुरते. बर्फावर झोपावयाचे तर ५ च्या आसपास किंवा अधिक असावे. दोन गाद्या एकीवर एक अंथरल्यास त्यांच्या मूल्यांची बेरीज होते.

झोपण्याची पिशवी

पिशवी निवडण्यापूर्वी मुक्कामाची उंची पाहावी. दर १,००० मीटर चढास तापमान सरासरीने ६.५ अंशांनी उतरते. सिलिगुडीहून ३,६३६ मीटर उंचीवरील संदकफू येथे जाणाऱ्याने उंचीच्या फरकापोटी सुमारे २३ अंशांची घट हिशेबात धरली पाहिजे. पिशवीवर बहुधा तीन तापमाने छापलेली असतात : सुखाचे, मर्यादेचे व अंतिम. यांपैकी सुखाचा अंक पाहूनच खरेदी करावी. अंतिम अंक झोपेचा नव्हे, तर केवळ जीव वाचण्याचा असतो. शिवाय हे अंक, अंगात कपडे आहेत व खाली चांगली गादी आहे, असे गृहीत धरूनच काढलेले असतात.

पक्ष्यांची पिसे वजनाच्या मानाने सर्वाधिक ऊब देतात. परंतु भिजली की गोळा होतात आणि निरुपयोगी ठरतात. कृत्रिम तंतू जड असले तरी ओलाव्यातही काही ऊब राखतात. पावसाळी प्रदेशात म्हणूनच ते अधिक भरवशाचे. पाणी हे स्थिर हवेच्या वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते, हे ध्यानात घेतले म्हणजे अंथरूण-पांघरूण कोरडे ठेवण्यास इतके महत्त्व का, ते कळते.

ओलाव्याचा एक प्रसंग प्रसिद्धच आहे. २८ मे १९५३ च्या रात्री एव्हरेस्टच्या शेवटच्या छावणीत एडमंड हिलरी यांनी आपले बूट काढून ठेवले. तेनसिंग नोर्गे यांनी मात्र पायातच राहू दिले. तापमान उणे २७ अंशांवर गेले. सकाळी हिलरींचे बूट गोठून कडक झाले होते, आणि ते स्टोव्हवर धरून मऊ करण्यात मोलाचा वेळ गेला.

तंबू

तंबूचे काम वारा व पाऊस अडविण्याचे, उबवण्याचे नव्हे. झोपलेल्यांच्या श्वासातील बाष्प थंड कापडावर जमून थेंब गळू लागतात. म्हणून दुहेरी तंबू श्रेयस्कर : आतील कापड बाष्प बाहेर जाऊ देणारे, बाहेरील जलाभेद्य, आणि दोहोंमध्ये हवा खेळण्यास जागा. तंबू फार मोठा नसावा, आणि तणावे व मेखा वाऱ्यास पुरून उरतील अशा असाव्यात.

लडाखच्या चांगथांग पठारावरील चांगपा पशुपालक याकच्या केसांचा ‘रेबो’ नामक तंबू वापरतात. आत चूल पेटते. परंतु धुरासाठी माथ्यावर उघडी जागा राखलेली असते. आधुनिक बंद तंबूस अशी वाट नसते. त्यात स्टोव्ह वा निखारे ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूस रंग नाही, वास नाही. आणि रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट जोडला जातो. झोपलेल्या मनुष्यास त्याची चाहूलही लागत नाही. थंडी कितीही असो, बंद तंबूत विस्तव ठेवून झोपू नये.

तात्पर्य, पैसा व वजन या दोहोंची मर्यादा असेल, तर प्रथम अंथरूण, मग कोरडे पांघरूण आणि त्यानंतर तंबू, असा क्रम धरावा. उष्णता विकत मिळत नाही. शरीराने निर्माण केलेली तेवढी राखता येते.