पोशाख शेवटी मागा

जोडीदाराच्या नोकरीमुळे परदेशी गेलेली आणि व्हिसाच्या अटीमुळे घरी बसावे लागलेली आपल्याकडची सुशिक्षित माणसे वेळ सत्कारणी लावायला काहीतरी शोधत असतात. इतिहासाची आवड असेल तर त्यांची पावले हमखास जुने गाव जसेच्या तसे उभारलेल्या संग्रहालयाकडे वळतात. काचेच्या कपाटांऐवजी तिथे लोहाराचा भाता चालू असतो, चुलीवर काहीतरी रटरटत असते आणि त्या काळच्या कपड्यांतली माणसे पाहुण्यांशी बोलत असतात. आर्तुर हाझेलियसने 1891 मध्ये स्टॉकहोमला ‘स्कान्सेन’ सुरू केले. पुढे अमेरिकेत कलोनिअल विल्यम्सबर्ग आणि ओल्ड स्टरब्रिज व्हिलेज, इंग्लंडमध्ये बीमिश, ऑस्ट्रेलियात सॉव्हरिन हिल अशी गावे उभी राहिली. यातल्या बऱ्याच ठिकाणी पगारी माणसांच्या जोडीला स्वयंसेवकही लागतात. नव्या माणसाला भुरळ पडते ती कपड्यांची. घोळदार घागरा, बॉनेट, फोटो. या कामाच्या अनुभवावरून माझा सल्ला मात्र एकच आहे: पोशाख शेवटी मागा. तो अंगावर चढला की तुमचे बोलणे गप्पा राहत नाही, पाहुणा ते पुरावा म्हणून घरी घेऊन जातो.

याचे उत्तम उदाहरण घागऱ्याचेच आहे. बाळंतपणाखालोखाल सर्वात जास्त बायका चुलीत घागरा पेटून मरत, हे वाक्य अमेरिकेतल्या ऐतिहासिक घरांमध्ये वर्षानुवर्षे ऐकवले गेले. ते खोटे आहे. बायकांना मारत होते ते पुरुषांना मारणारेच साथीचे आणि इतर रोग. अपघात होत, पण लोकरीचे कापड चटकन पेट घेत नाही, आणि रोज चुलीपुढे राबणारी बाई घागरा खोचून घ्यायला चुकत नाही. जुन्या घरातले ठेंगणे पलंग पाहून ‘तेव्हाची माणसे बुटकी होती’ असे सांगतात, त्याचीही हीच गत. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या नोंदींवरून त्यांची सरासरी उंची सुमारे 5 फूट 8 इंच निघते. अशा दंतकथा इतक्या बोकाळल्या की मेरी मायली थिओबाल्ड यांनी 2012 मध्ये त्यांचे खंडन करणारे ‘डेथ बाय पेटिकोट’ हे आख्खे पुस्तकच काढले. या गोष्टी पसरवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. एकाने ऐकले, दुसऱ्याला सांगितले, पाहुणे चकित झाले, म्हणून वाक्य टिकले. आपल्या गडांवरही अशी वाक्ये कमी नाहीत. पण पेटत्या चुलीपुढे, अंगावर तोच घागरा घालून एखादी बाई हे सांगते तेव्हा शंका घ्यायचे कुणाला सुचतच नाही.

‘आम्ही काही प्राध्यापक नाही, हौस म्हणून करतो, एवढे गंभीर कशाला व्हायचे?’ असा आक्षेप यावर घेतला जातो. पण आपण हौशी आहोत हे पाहुण्याला कुठे ठाऊक असते? रॉय रोझेनझ्वाइग आणि डेव्हिड थेलन या इतिहासकारांनी सुमारे दीड हजार अमेरिकी लोकांना भूतकाळाविषयी तुमचा सर्वाधिक विश्वास कशावर, असे विचारले होते. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात संग्रहालये पहिल्या क्रमांकावर आली. आजी-आजोबांच्या आठवणी त्यानंतर, आणि शाळेतले शिक्षक व पुस्तके बरीच मागे. म्हणजे शिक्षकालाही मिळत नाही एवढा विश्वास स्वयंसेवकाला पहिल्याच दिवशी आयता मिळतो. तो संस्थेने कमावलेला असतो, आपण फक्त खर्च करत असतो. म्हणून कपड्यांचे माप देण्याआधी प्रशिक्षणाची पुस्तिका मागा. कोणत्या वर्षाचे गाव आहे, घराचा मालक कोण होता, कोणती माहिती कागदपत्रांतून आली आणि कोणती अंदाजाने भरली, हे त्यात नसेल तर विचारा. विचारूनही कुणी सांगत नसेल तर तिथे तुम्हाला शोभेचा पुतळा म्हणून उभे करणार आहेत, हे ओळखा.

दुसरी चौकशी बोलण्याच्या पद्धतीची करा. मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ पटक्सेट संग्रहालयातल्या इंग्रज वसाहतीत निवेदक 1627 सालचे रहिवासी बनून बोलत. तिथेच वाम्पानोआग लोकांच्या वस्तीत मात्र मूळनिवासी समाजांतली माणसे परंपरागत वेशात असूनही आजची माणसे म्हणून बोलतात. आमचा समाज अजून जिवंत आहे, आम्ही कुणाची भूमिका करत नाही, ही त्यामागची भूमिका. नवशिक्याने हा दुसरा मार्ग धरावा. कपडे त्या काळचे, पण बोलणे आजच्या माणसाचे: ‘तेव्हा असे करत असत, हे अमुक हिशेबवहीवरून कळते.’ यामुळे जादू मोडते, हा आक्षेप मला अर्धाच पटतो. मुरलेला निवेदक पात्रात शिरून बोलतो तेव्हा रंगत येते, यात वाद नाही. पण पात्रात शिरलेल्याला ‘इथे इतिहासकारांत मतभेद आहेत’ असे म्हणता येत नाही. अडचणीच्या प्रश्नाला तो एक तर टाळतो, नाहीतर रचून सांगतो. आजचा माणूस म्हणून बोलणाऱ्याला ‘मला माहीत नाही, लोहारशाळेत विचारा’ हे सन्मानाने म्हणता येते. शिवाय फार बोलणे हाही दोषच. इंडियानातल्या कॉनर प्रेरी संग्रहालयाने पाहुण्यांची संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली, तेव्हा निवेदक पाठ केलेले सांगत सुटतात आणि कुटुंबांच्या पदरात फारसे पडत नाही, असे दिसले. त्यानंतर त्यांनी पद्धत बदलली. आधी पाहुण्याला विचारायचे, त्याच्या हातात काम द्यायचे, मग बोलायचे.

दुःखाच्या भूमिकांबाबत तर मी स्पष्टच सांगतो: स्वयंसेवकाने त्या घेऊ नयेत. ऑक्टोबर 1994 मध्ये कलोनिअल विल्यम्सबर्गने गुलामांच्या लिलावाचा प्रयोग केला. तो आफ्रिकन-अमेरिकन विभागातल्या जाणत्या लोकांनी, विचारपूर्वक उभा केला होता. तरीही नागरी हक्क संघटनांनी निदर्शने केली. प्रयोग पाहिल्यावर विरोधकांपैकी एका नेत्याचे मत बदलले, हेही खरे. पण ते साधले कारण करणाऱ्यांचा त्या इतिहासाशी रक्ताचा संबंध होता आणि पाठीशी अभ्यास होता. जॉर्ज वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन इथे गुलाम दासीची भूमिका करणाऱ्या अभिनेत्री अझी डंजी यांनी पाहुण्यांच्या अडाणी आणि बोचऱ्या प्रश्नांवर 2013 मध्ये ‘आस्क अ स्लेव्ह’ ही विनोदी वेब मालिका केली. ती पाहिली की पगारी, कसलेल्या कलावंतालाही रोज काय सोसावे लागत असेल याची कल्पना येते.

‘आपल्या सावळ्या चेहऱ्याला तिकडच्या शेतकऱ्याचा वेश शोभेल का?’ ही शंका आपल्या लोकांना हटकून येते. मी 1830 चा गोरा शेतकरी आहे असे म्हणायचे असेल तर ती रास्त आहे. आजचा माणूस म्हणून बोलायचे असेल तर नाही. उलट सांगण्यासारखे आपल्याकडे जास्तच असते. ओल्ड स्टरब्रिज व्हिलेज 1790 ते 1840 या काळातले न्यू इंग्लंड दाखवते. त्याच न्यू इंग्लंडच्या तळ्यांमधला बर्फ कापून, भुशात बांधून, फ्रेडरिक ट्यूडरने 1833 मध्ये बोस्टनहून कलकत्त्याला पाठवला, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकी बर्फ मुंबईत उतरला. अठराव्या शतकातल्या अमेरिकी घरांत भारतीय छापील सुती कापड होते, सेलमची गलबते आपल्या किनाऱ्यांवर येत होती. अर्थात हे धागे दिसतात म्हणून ते गावच आपले होते असा आव आणू नये. त्या विशिष्ट घरात भारतीय कापड होते की नाही, हे संस्थेच्या अभ्यासकाला विचारूनच सांगावे.

आता व्यवहाराचे. अमेरिकेत एच-४ सारख्या व्हिसावर असताना, एरवी पगारी माणूस करतो ते काम फुकट केले म्हणून ते सेवा ठरेलच असे नाही. ती नोकरी मानली जाऊ शकते आणि त्याचा भुर्दंड तुमच्या व्हिसाला बसतो. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून गेलेल्याला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेतच, तेही जास्तीत जास्त 30 दिवस स्वयंसेवा करता येते, आणि तो प्रवासाचा मुख्य हेतू असून चालत नाही. नियम बदलतात, म्हणून संस्थेकडून लेखी घ्या आणि व्हिसाच्या जाणकाराला दाखवा. चुलीचे काम असेल तर आतले कपडेही तपासा. लोकर जळते तेव्हा काजळून विझू पाहते, पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते. तिथल्या चुलीत पातेले सहसा थेट ज्वाळेवर ठेवत नाहीत. निखारे फावड्याने पुढे विटांवर ओढून त्यावर तिपाई भांडे ठेवतात, झाकणावरही निखारे रचतात. म्हणजे विस्तव पायांशी, घागऱ्याच्या काठालगत असतो. इथे दंतकथा नाही तर शिस्त उपयोगी पडते: घागरा खोचलेला, बादली हाताशी, आणि आगीवरून हात पुढे न करण्याची सवय.

या अटींनी उत्साह मावळेल, असे काही जण म्हणतील. ज्याचा मावळेल त्याने तिकीट काढून पाहुणा म्हणून जावे, त्यात कमीपणा नाही. ज्याला खरेच काम करायचे आहे त्याने पहिले काही आठवडे साध्या कपड्यांत निवेदकांच्या मागे उभे राहून ऐकावे, कोठारात किंवा बागेत हात लावावा, पुस्तिका वाचावी. पाहुण्यांच्या नेहमीच्या दहा प्रश्नांची उत्तरे आधारासह देता येऊ लागली, आणि अकराव्याला ‘माहीत नाही’ म्हणताना जीभ अडखळेनाशी झाली, की कपड्यांचे माप द्यायला हरकत नाही.