वाडीत उभ्या राहिलेल्या जुन्या मोटारी : विकत घेण्याआधी आणि हलवण्याआधी

पनवेल तालुक्यातील जुन्या वाड्या, बंद पडलेल्या भातगिरण्या आणि मुंबईच्या मालकांची शेतघरे यांच्या आवारात अजूनही जुन्या मोटारी सापडतात. मुंबई-पुणे जुना रस्ता पनवेलहून शेडुंग, चौक, खालापूर करत खोपोलीला बोरघाटाच्या पायथ्याशी पोहोचतो आणि गोव्याचा रस्ताही पनवेललाच फुटतो. मोटार बाळगण्याची ऐपत असलेल्या मुंबईच्या घरांना आमराई किंवा भातशेती घ्यायला हा टापू सोयीचा होता. शहरात नवी गाडी आली की जुनी वाडीवर यायची. तिथे ती काही वर्षे खत, भाजी आणि माणसे वाहायची, मग एखाद्या पावसाळ्यात बंद पडून पडवीत किंवा गोठ्याच्या कडेला उभी राहायची. ती विकावी असे कुणाला वाटत नसे, कारण जागा भरपूर होती.

आता जागेला भाव आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण भागातील ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे काम सुरू झाले. पुढे विमानतळ आला, त्याच्या भोवतीचे नैना क्षेत्र आले. वाडी विकली जाते तेव्हा ती रिकामी करून देण्याची तारीख ठरते, आणि मोटारीचा व्यवहार त्या तारखेला बांधला जातो. पंचवीस-तीस वर्षे कुणी न पाहिलेली गाडी मग आठ दिवसांत उचलायची असते. या खरेदीत जे बिघडते त्यातले बरेचसे या घाईने बिघडते. इतकी वर्षे उभी राहून गाडीची जेवढी हानी होत नाही, तेवढी ती सापडल्यानंतरच्या आठवड्यात होते. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी मालकी, मग कागद, त्यानंतर पत्रा आणि सर्वांत शेवटी इंजिन. नवखा ग्राहक नेमका उलट जातो. तो बॉनेट उघडून सुरुवात करतो आणि विसार देऊन झाल्यावर आरसी बुक कुठे आहे असे विचारतो.

मालकीबाबत वारंवार घडणारा प्रकार असा. वाडीवरचा राखणदार किंवा घरातला एखादा पुतण्या गाड्या दाखवतो, किंमत सांगतो, रोख विसार घेतो. ट्रक आल्यावर मुंबईहून किंवा परदेशातून दुसऱ्या वारसाचा फोन येतो की गाडी आजोबांची आहे, हात लावू नका. राखणदार खोटे बोललेला असतोच असे नाही. एवढ्या वर्षांत गाड्या कुणीच विचारल्या नाहीत, तेव्हा त्या आपल्याकडे आल्या अशी त्याची समजूत झालेली असते. कायदा मात्र स्पष्ट आहे. १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार, काही अपवाद सोडले तर, विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. मोटार ही जंगम मालमत्ता आहे. सातबाऱ्यावर नाव असणे म्हणजे गाडीवर हक्क असणे नव्हे. जमीन विकत घेणाऱ्यालाही आवारातली गाडी आपोआप मिळत नाही, खरेदीखतात तसे लिहावे लागते. त्यामुळे ‘जागा आमची, म्हणून गाडी आमची’ असे कुणी म्हणाले की तिथेच थांबून कागद मागावा.

नोंदणीकृत मालक बहुतेक वेळा हयात नसतो. जिवंत मालकाकडून गाडी घेताना नमुना २९ आणि ३० लागतात. मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी नमुना ३१ आहे. वारस एकापेक्षा जास्त असतील तर सर्वांची लेखी संमती घ्यावी, आणि वाद दिसला तर वारस दाखला मागावा. हा दाखला महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली दिवाणी न्यायालयातून मिळतो. यात महिने जातात. तेवढा वेळ थांबायची तयारी नसेल तर गाडी सोडून द्यावी. मधला मार्ग म्हणून केलेले साधे हमीपत्र परिवहन कार्यालयात उपयोगी पडत नाही आणि भाऊबंदकीच्या दाव्यात तर त्याहून कमी.

नोंदणी कुठली हे पाटीवरून कळते. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि एमएच मालिका सुरू झाली. त्याआधीच्या मुंबईच्या अनेक गाड्यांवर ‘बीएम’ने सुरू होणारी अक्षरे दिसतात. आज पनवेलच्या परिवहन कार्यालयाचा क्रमांक एमएच ४६ आहे, रायगडच्या पेण कार्यालयाचा एमएच ०६. वाडी पनवेलची असली तरी गाडीची नोंद ताडदेवच्या जुन्या वहीत असू शकते. अशा गाड्या संगणकीय ‘वाहन’ प्रणालीत बहुधा चढलेल्या नसतात. मूळ वहीतली नोंद काढून ती संगणकावर घ्यावी लागते आणि त्याला मूळ आरसी बुकाचा मोठा आधार होतो. म्हणून गाडीच्या आधी घर शोधावे: लोखंडी पेटी, देव्हाऱ्याखालचा खण, विम्याच्या जुन्या पावत्यांची फाइल. बुकावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी प्रत्यक्ष ताडून पाहावेत. हे नंबर कोरलेल्या जागेवरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडू नये, अंक पुसले जातात. तेल लावून कापडाने पुसावे आणि कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्यावा.

२०२१ पासून या कागदांना वेगळे मोल आले आहे. त्या वर्षी १५ जुलैच्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांसाठी ८१ए पासूनचे उपनियम घातले गेले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खाजगी वापराची आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेली दुचाकी वा चारचाकी त्यात बसते. आधी नोंदलेल्या गाडीला तिचा मूळ क्रमांक ठेवता येतो. नव्याने नोंदणाऱ्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही खूण असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,००० आणि मुदत १० वर्षे. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि देखभाल अशा मोजक्या कामांसाठीच ती रस्त्यावर येते.

‘मोठे फेरफार नाहीत’ ही अट वाडीवरच्या गाड्यांना जाचते. पेट्रोल महागल्यावर अनेक अ‍ॅम्बेसेडर आणि मोठ्या अमेरिकन गाड्यांना डिझेल इंजिने बसवली गेली, आणि शेतीच्या कामाला जुंपलेल्या गाड्यांना तर हमखास. मूळ इंजिन कधी कधी त्याच आवारात, पोत्यांखाली सापडते. ते सोडून येऊ नये. भंगारवाल्याने आवार साफ करण्याआधी पडवी, माळा, कोंबड्यांची खुराडी सगळे पाहून हबकॅप, बंपर, दिव्यांच्या कड्या, दारांच्या मुठी गोळा कराव्यात आणि व्यवहारात तसे लिहून घ्यावे. हे भाग नंतर कुर्ल्याच्या किंवा चोरबाजारच्या दुकानांत शोधताना गाडीच्या किमतीएवढे पैसे सहज जातात.

कुठली गाडी घ्यावी याचे उत्तर भागांच्या उपलब्धतेत आहे. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात आधी डॉज व प्लिमथ आणि मग फियाट गाड्या बांधल्या. पन्नाशीच्या दशकातली ‘डुक्कर फियाट’, १९६४ पासूनची ११०० डिलाइट आणि १९७४ पासून पद्मिनी नावाने आलेली तीच गाडी या भागात सर्वाधिक दिसतात. पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली, त्यामुळे तिचे भाग आणि तिच्यावर हात बसलेले मेकॅनिक अजून भेटतात. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीत जुळणी सुरू केली आणि १९५४ मध्ये ती थांबवली; तिथल्या शेवरोले गाड्यांचे भाग मात्र परदेशातूनच मागवावे लागतात. पहिलीच खरेदी असेल तर फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडरच घ्यावी. मोठी अमेरिकन गाडी पाहताक्षणी मन ओढते, पण अर्धवट सोडलेल्या कामांमध्ये तिचीच संख्या जास्त असते.

आता पत्रा. रायगड जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, वर खाडीची खारी हवा. इथली गाडी वरून नाही, खालून जाते. शेणाने सारवलेल्या किंवा मातीच्या जमिनीतून ओल चढत राहते आणि फ्लोअर, दारांखालच्या पेट्या, डिकीचा तळ सडतो. छप्पर आणि बॉनेट तेवढे ठणठणीत दिसतात. गोठ्यातला अमोनिया पितळ आणि क्रोम खातो. शेजारी युरियाची पोती रचलेली असतील तर पत्रा पाहण्याआधीच किंमत निम्मी धरावी. पेंढा भरून ठेवलेली गाडी सर्वांत वाईट: पेंढ्यात ओल टिकते, उंदीर राहतात, वायरिंग उरत नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक गाड्यांच्या बॉडीत लाकडी सांगाडा असतो, त्याला वाळवी लागलेली असू शकते. दार उघडताना बिजागरीपाशी भुसा पडला तर आतले लाकूड संपले आहे.

फियाट ११०० आणि अ‍ॅम्बेसेडर यांना वेगळी चासी नाही, बॉडीच भार पेलते. त्यामुळे दारांखालची पेटी सडणे म्हणजे कणाच गेल्यासारखे आहे. तपासणी सोपी आहे. दार उघडून पाहावे, मग जॅकने एक बाजू किंचित उचलून तेच दार पुन्हा लावून पाहावे. फट बदलली, दार अडकू लागले, की बॉडी वाकते आहे. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावर फिरवले तर पुट्टीची जागा कळते. जमिनीलगत पाणी साचल्याची रेघ असेल तर तो पुराचा माग समजावा. २६ जुलै २००५ च्या पावसाने या जिल्ह्यात जे पाणी चढले, त्यात बुडालेल्या गाड्यांचे गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल आतून गंजलेले निघतात.

हात घालण्याआधी काठीने ठोकून थांबावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप या भागात आहेत आणि सीटखालची कोरडी पोकळी त्यांना आवडते. लाल विंचवाचे विष हृदयावर घातक परिणाम करते, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवल्यापासून अनेक जीव वाचले, पण वेळेत दवाखाना गाठला तरच. जाड बूट आणि चामडी मोजे यांना पर्याय नाही. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असते, ती धूळ हवेच्या दाबाने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी. पेट्रोलची टाकी वर्षानुवर्षे कोरडी वाटली तरी तिच्याजवळ वेल्डिंग करू नये.

इंजिन सुरू करून पाहण्याचा आग्रह विकणारा धरतो, बघे तर धरतातच. तो मानू नये. जाम इंजिनाला बॅटरी लावून स्टार्टर मारला किंवा ट्रॅक्टरने ओढून गिअर टाकला, तर चिकटलेल्या रिंगा तुटतात आणि सिलिंडरला चरे पडतात. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडावे, काही दिवस मुरू द्यावे आणि मग हाताने क्रँक हलते का पाहावे. एवढा वेळ वाडीवर नसतो, म्हणून हे काम घरी करायचे. अनेक जुन्या गाड्यांचे विद्युत सर्किट ६ व्होल्टचे असते आणि काही ब्रिटिश गाड्यांत धन टोक अर्थ केलेले असते. १२ व्होल्टची बॅटरी नेहमीच्या सवयीने जोडली तर उरलेले वायरिंगही जाते.

हलवण्याचे काम दिवाळीनंतर, जमीन घट्ट झाल्यावर करावे. पावसाळ्यात वाडीच्या वाटेवर ट्रक रुतला की लोक घाईने साखळ्या अडकवतात आणि समोर येईल ते ओढतात. बंपरला किंवा स्टिअरिंगच्या दांड्यांना दोर बांधू नये. स्प्रिंगच्या पाट्यांच्या जोडांजवळ किंवा चासी असेल तर तिलाच बांधावा. बसलेली चाके आधी मोकळी करावीत: गाडी फळ्यांवर जॅक करून चाके काढावीत, ड्रम हलक्या हाताने ठोकून सोडवावेत, जुन्या रिमांवर बसतील अशा ट्यूब-टायरची एक जोडी सोबत न्यावी. हायड्रा क्रेन बोलावली तर पट्टे छपरावरून किंवा खिडक्यांतून कधीच घेऊ देऊ नयेत, खाली आडव्या लाकडी तुळया घालून त्यांना पट्टे लावावेत. सडलेल्या बॉडीची दारे बंद ठेवूनच ती उचलावी, नाहीतर मधोमध वाकते. सपाट पाठीच्या ट्रकचे भाडे जास्त पडते आणि ते द्यावेच.

गाड्या एकाहून जास्त असतील तर सगळ्या एकत्र घेण्याची किंमत मागितली जाते. त्यात एखादी निव्वळ भागांसाठी उपयोगाची असते, तीही सोडू नये, पण तिचेही कागद घ्यावेत. पुढे कुणी चासीवरून चौकशी केली तर उत्तर देता आले पाहिजे. पैसे बँकेमार्फत द्यावेत, पावतीवर चासी नंबर, इंजिन नंबर आणि सोबतच्या सुट्या भागांची यादी असावी, आणि सर्व वारसांच्या सह्या त्याच कागदावर. विंटेज म्हणून नोंदलेल्या गाडीची विक्री झाल्यास घेणाऱ्याने व विकणाऱ्याने परिवहन कार्यालयाला ९० दिवसांत कळवायचे असते.

घरी आणल्यावर पहिला महिना गाडी धुवू नये, रंगाऱ्याला दाखवू नये. छपराखाली, सिमेंटच्या जमिनीवर, चार स्टँडवर ठेवून आधी सर्व बाजूंनी फोटो काढावेत, मूळ रंगाचा एखादा झाकलेला तुकडा शोधावा आणि सुटा होणारा प्रत्येक स्क्रू-बोल्ट पिशवीत चिठ्ठीसह ठेवावा. मूळ रंग, मूळ सीटचे कापड, कारखान्याच्या खुणा जितक्या उरल्या असतील तितक्या राखणे हे नव्या चकचकीत रंगापेक्षा जास्त कौशल्याचे काम आहे. पत्र्याचे काम पूर्ण होईपर्यंत इंजिनावर खर्च करू नये, आणि पत्र्याचे काम देताना कारागिराकडून लेखी अंदाज घेऊन टप्प्याटप्प्याने पैसे द्यावेत.