डिस्प्ले येत नाही? लगेच कार्ड बदलू नका!

रिपेअरिंगचं दुकान टाकलंत की ही तक्रार येणारच: "पंखे फिरतायत, पण स्क्रीन काळी." आपण पटकन म्हणतो, "ग्राफिक्स कार्ड गेलं." थांबा! कार्ड चांगलं निघालं तर गिऱ्हाईकाचे हजारो रुपये फुकट जातात आणि तुमचं नाव खराब होतं.

आधी बिनखर्चाची तपासणी करा, याच क्रमाने:

१. मॉनिटरची केबल कार्डालाच लावलीय ना? अनेकदा ती मदरबोर्डच्या पोर्टला असते.

२. मेन स्विच बंद करा, पॉवर केबल काढा. कार्ड आणि रॅम काढून परत नीट बसवा.

३. कार्डाला ६ किंवा ८ पिनचा पॉवर कनेक्टर असेल तर तो जोडलाय का? स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. मोठ्या कार्डाला ते पुरत नाहीत.

४. कार्ड काढून मदरबोर्डवर डिस्प्ले बघा. मात्र इंटेल प्रोसेसरच्या नंबरशेवटी 'एफ' असेल, तर तिथे डिस्प्ले येणारच नाही.

५. शेवटी कार्ड दुसऱ्या चालू मशीनमध्ये लावा. तिथेही काळी स्क्रीन? मगच नवीन कार्डाचं बोला.

तपासणीचा चार्ज मात्र आधीच सांगा. केबल बदलून काम झालं तरी तो घ्या, कारण तुम्ही निदान विकताय. खरं निदान मिळालेलं गिऱ्हाईक परत येतं.