बिनतारी वीजमीटर आणि घरातील रेडिओलहरी

तराजू आणि माप ही व्यापाऱ्याची पहिली साधने होत. धान्य, कापड, किराणा यांपैकी कोणताही माल आम्ही मोजून घेतो आणि मोजून देतो. वीज ही मात्र अशी वस्तू आहे की, ती घेणाऱ्याला स्वतः मोजता येत नाही. देणाऱ्याने भिंतीवर बसविलेल्या मीटरावर त्याला विसंबून राहावे लागते. हा मीटर आता बदलत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये वीजवितरण सुधारणेची जी योजना मंजूर केली, तिचा अंदाजित खर्च ३,०३,७५८ कोटी रुपये असून देशभर २५ कोटी स्मार्ट मीटर बसविण्याचा तिचा संकल्प आहे. मध्य प्रदेशात वीजवितरणाच्या तीन कंपन्या आहेत. बालाघाट जिल्हा, आणि त्यासह आमचा बैहर तालुका, जबलपूरच्या पूर्व क्षेत्र कंपनीकडे येतो.

या नव्या मीटराविषयी दोन शंका घरोघरी बोलल्या जातात. पहिली बिलाची. दुसरी शंका अधिक सूक्ष्म आहे : हा मीटर तारेवाचून संदेश पाठवितो, तर त्याच्या लहरी रात्रंदिवस घरात खेळत राहून मुलाबाळांच्या व वृद्धांच्या प्रकृतीस अपाय करतील काय? आमच्यापैकी अनेकांची दुकाने खाली आणि बिऱ्हाडे वर किंवा मागे असतात. पेढीच्या भिंतीवरचा मीटर आणि निजण्याची खोली यांत कधीकधी एका भिंतीचेच अंतर असते. सबब ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. परंतु ती जशीच्या तशी स्वीकारण्यासारखीही नाही. तिचे मोजमाप करावयास हवे.

१. मीटर बोलतो कसा?

जुना मीटर मुका होता. कंपनीचा माणूस महिन्यातून एकदा येई आणि आकडा लिहून नेई. नवा मीटर दर पंधरा किंवा तीस मिनिटांचा वापर आपल्या स्मरणात साठवितो आणि ठराविक वेळाने तो वरिष्ठ यंत्रणेकडे धाडतो. हे धाडण्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. एक, मोबाइल फोनप्रमाणे आत कार्ड बसवून जवळच्या मनोऱ्याशी संपर्क साधणे. दुसरा, शेजारच्या मीटरांची साखळी करून एकाने दुसऱ्याकडे निरोप पोचविणे. या दुसऱ्या प्रकारासाठी भारतात ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा विनापरवाना पट्टा वापरला जातो, आणि तेथे प्रेषकाची शक्ती एक वॅटहून अधिक नसावी असा नियम २००५ पासून आहे.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. मीटर सतत बोलत नाही. त्याचा निरोप क्षणार्धात संपतो आणि पुढील निरोपापर्यंत तो गप्प असतो. साखळीतील मीटर शेजाऱ्यांचेही निरोप पुढे पाठवितो, त्यामुळे तो थोडा अधिक वेळ बोलतो हे खरे. तथापि दिवसाच्या १,४४० मिनिटांपैकी त्याच्या बोलण्याची एकूण मिनिटे अगदी थोडी असतात.

२. लहरींचे स्वरूप

रेडिओलहरी आमच्या घरांना नव्या नाहीत. १६ जुलै १९४८ रोजी आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले, तेव्हा बालाघाट जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होता. त्या केंद्राच्या लहरी आमच्या आजोबा-पणजोबांच्या माजघरातून गेल्या आहेत. केवळ जुनी म्हणून वस्तू निर्दोष ठरत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून लहरींच्या गुणधर्माकडेच वळू.

किरणांचे दोन वर्ग आहेत. क्ष-किरण, गॅमा किरण यांची ऊर्जा इतकी प्रबळ असते की, ती शरीरातील अणुरेणूंचे बंध तोडते. म्हणून क्ष-किरणांच्या खोलीत शिशाचे आवरण लागते. रेडिओलहरी दुसऱ्या वर्गातल्या. मीटराच्या लहरीतील एका कणाची ऊर्जा असा बंध तोडण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या स्थूल मानाने दहा लाखांश भरते. अशा लहरींचा निश्चितपणे सिद्ध झालेला परिणाम एकच, तो म्हणजे उष्णता. आणि तीही तीव्रता पुष्कळ असेल तरच जाणवते. म्हणून खरा प्रश्न लहर आहे किंवा नाही हा नसून ती किती आहे, हा आहे.

३. अंतराचा हिशोब

दिव्यापासून दूर जावे तसा प्रकाश मंद होतो. लहरींचेही तसेच आहे. अंतर दुप्पट केले की तीव्रता चतुर्थांश होते, आणि अंतर तिप्पट केले की नवमांश. समजा, मीटर पूर्ण एक वॅट शक्तीने सर्व दिशांना सारखा बोलत आहे. तर एक मीटर अंतरावर तीव्रता दर चौरस मीटरला ०.०८ वॅट येते, दोन मीटरांवर ०.०२, आणि तीन मीटरांवर ०.००९. काही दिशेस लहर अधिक जाते असे धरून हे आकडे दुप्पट केले, तरी एका मीटरावर ०.१६ होतात. मधल्या भिंतीमुळे होणारी घट यात धरलेली नाही.

आता मापदंड पाहू. मोबाइल मनोऱ्यांसाठी भारत सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दशमांश मर्यादा लागू केली. ९०० मेगाहर्ट्झला ती दर चौरस मीटरला ०.४५ वॅट होती. म्हणजे मीटर अखंड बोलत राहिला असे धरले, तरी एक मीटर अंतरावरील आकडा या कडक मर्यादेच्याही आतच राहतो. तो दिवसातून एकूण दहा मिनिटे बोलला असे मानले, तर दिवसाची सरासरी आणखी १४४ पटींनी उतरते.

याच्या शेजारी खिशातला फोन ठेवून पाहावा. फोरजी फोनची कमाल शक्ती सुमारे ०.२ वॅट, म्हणजे मीटराच्या एक-पंचमांश. पण तो कानापासून दोन सेंटिमीटरांवर असतो आणि मीटर दोन मीटरांवर. अंतर शतांश झाले की तीव्रता दहा हजार पट होते. अगदी जवळच्या अंतरावर हे गणित काटेकोर लागू पडत नाही. तरी फोनचे पारडे कैक पटींनी जड आहे, हे त्यावरून कळते. शिवाय डोंगराळ आणि जंगलाच्या मुलखात जेथे मनोरा दूर असतो, तेथे फोनला अधिक शक्ती लावून बोलावे लागते. मीटराची चिंता करणाऱ्या गृहस्थाने उशाखालचा फोन प्रथम दूर ठेवावा, हे ओघानेच आले.

४. ‘शक्यतः’ या शब्दाचा अर्थ

या विषयात एक आधार वारंवार दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ३१ मे २०११ रोजी रेडिओलहरींना ‘शक्यतः कर्करोगकारक’ अशा वर्गात घातले. ही गोष्ट खरी आहे आणि ती लपवू नये. परंतु हा वर्ग पुरावा किती सबळ आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही त्याच वर्गात आहे. तो निर्णय मुख्यतः कानाशी फोन धरून दीर्घकाळ बोलणाऱ्यांच्या अभ्यासावर उभा होता, भिंतीवरच्या मीटरावर नव्हे. पुढे, जागतिक आरोग्य संघटनेनेच करविलेला एक विस्तृत आढावा सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९४ ते २०२२ या काळातील ६३ अभ्यास तपासून त्याने फोनचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळत नसल्याचे सांगितले.

स्याद्वादाचे संस्कार झालेल्या वाचकांना येथे वेगळे सांगणे नको. ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ नव्हे. ‘विशिष्ट अपेक्षेने’ असा त्याचा अर्थ आहे. कोणत्या अंतरावर, किती वेळ, किती तीव्रतेने, या अपेक्षा सोडून ‘लहर घातक आहे’ म्हणणे एकांगी होय, आणि ‘लहर सर्वथा निरुपद्रवी आहे’ म्हणणेही एकांगीच होय.

५. इतरत्र काय घडले?

आपल्याच राज्यात एप्रिल २०१७ मध्ये ग्वाल्हेरच्या दाल बाजारातील एका घरकामगाराच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयाने तेथील एक मोबाइल मनोरा सात दिवसांत बंद करण्याचा आदेश दिला. त्या आदेशाने सामान्य माणसाच्या तक्रारीला दाद मिळाली. पण लहरींमुळेच रोग झाला, हा शास्त्रीय सिद्धान्त त्यातून प्रस्थापित झाला नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात बिनतारी मीटरांना लहरींच्या कारणावरून मोठा विरोध झाला. तेथील नियामक आयोगाने फेब्रुवारी २०१२ मध्ये तोडगा काढला : ज्यास नवा मीटर नको, त्याने आरंभी ७५ डॉलर आणि दरमहा १० डॉलर देऊन जुना मीटर ठेवावा. महाराष्ट्रात मात्र, जेथे आमचे अनेक आप्त आहेत, विरोधाचे मुख्य कारण आगाऊ पैसे भरण्याची पद्धत आणि बिल हे होते. जून २०२४ मध्ये राज्य सरकारने सामान्य ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर बसविणार नसल्याचे जाहीर केले.

६. भीतीचा बाजार

जेथे भय आहे तेथे भयावर औषध विकणारा येतोच. लहरी ‘शोषून घेणाऱ्या’ चकत्या, पदके, चिकटपट्ट्या बाजारात मिळतात, आणि त्या दुकानात ठेवण्याविषयी विचारणा आमच्याकडेही होऊ शकते. नेदरलँडच्या अणुसुरक्षा विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये अशा दहा वस्तूंविषयी लोकांना सावध केले. मोबाइलच्या लहरींपासून रक्षण करणारी म्हणून विकली जाणारी ती पदके आणि गळ्यातले दागिने स्वतःच किरणोत्सर्गी निघाले. म्हणजे रेडिओलहरींच्या भयाने लोकांनी बंध तोडणारे किरण पैसे मोजून अंगावर घेतले.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत माप कमीअधिक ठेवणे आणि अस्सलाच्या जागी नकली माल देणे हे दोन आहेत. ज्या वस्तूचा गुण विकणाऱ्यानेच पारखलेला नाही, ती वस्तू घाबरलेल्या गिऱ्हाइकाच्या हाती देणे या दुसऱ्या अतिचारापासून दूर नाही. अशा मालावर नफा कितीही सुटत असला, तरी सभासद बंधूंनी तो ठेवू नये, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.

७. घरी व पेढीवर काय करावे?

मीटर शक्यतो बाहेरच्या भिंतीवर बसवून घ्यावा. भिंतीपलीकडे बाळाचा पाळणा किंवा निजणाऱ्याचे उशी असेल, तर ती एक-दोन मीटर सरकवावी. त्यास खर्च नाही आणि मनही निश्चिंत होते. एकाच फळीवर अनेक मीटर असतील, तर तेथे बसण्या-उठण्याची जागा करू नये. मीटराभोवती पत्रा किंवा चांदीचा कागद गुंडाळू नये. त्याने संपर्क क्षीण होतो, मग कार्डाचा मीटर अधिक शक्तीने बोलू लागतो, म्हणजे हेतूच्या उलट घडते. शिवाय मीटराशी छेडछाड करणे हा विद्युत अधिनियम, २००३ प्रमाणे अपराध आहे.

मीटर बदलण्याच्या दिवशी जुन्या मीटराचा शेवटचा आकडा, नव्याचा आरंभीचा आकडा आणि दोहोंचे क्रमांक वहीत टिपून ठेवावेत, छायाचित्रही घ्यावे. वापर अवाजवी दिसल्यास लेखी तक्रार करावी. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक-हक्क नियमांत जी दुरुस्ती केली, तिच्यानुसार अशा तक्रारीनंतर पाच दिवसांत दुसरा मीटर जोडून किमान तीन महिने वापर पडताळण्याचे बंधन कंपनीवर आहे. हा हक्क फार थोड्यांना ठाऊक आहे.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष असावे. अर्ध्या-अर्ध्या तासाचा वापर ज्याला दिसतो, त्याला आमची पेढी केव्हा उघडते, घर केव्हा रिकामे असते, हेही दिसते. म्हणून आपल्या मीटराच्या खात्याचा परवलीचा शब्द कोणास सांगू नये आणि फोनवर तो मागणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. आमच्या मते लहरींपेक्षा ही बाब अधिक सावधपणा मागते.

घरातील वृद्धांनी किंवा मातांनी मीटराविषयी भय बोलून दाखविले, तर त्यांना गप्प करू नये. त्यांना मीटराजवळ न्यावे, पाळण्यापर्यंतचे अंतर टेपने मोजून दाखवावे, आणि वर दिलेला हिशोब त्यांच्यासमोर मांडावा. हा लेख त्या कामी उपयोगी पडल्यास आमचा प्रयत्न सार्थ झाला असे आम्ही समजू.