दर्शक दिव्याचे रंग आणि मानकांचे अर्थशास्त्र

कारखान्यातील नियंत्रण पॅनेलवरचा दर्शक दिवा ही किमतीने क्षुल्लक वस्तू आहे. मात्र त्याचा रंग चुकला तर कामगाराचा जीव धोक्यात येऊ शकतो. मानकांना 'सार्वजनिक वस्तू' का म्हणतात, हे या साध्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

पार्श्वभूमी

हिंदुस्थान मशीन टूल्स (१९५३) आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स (१९५४) या सार्वजनिक उपक्रमांमुळे बंगळुरूत यंत्रनिर्मितीचे कौशल्य रुजले. १९७० च्या दशकात विकसित झालेल्या पीन्या औद्योगिक वसाहतीत पुढे हजारो लघुउद्योग उभे राहिले. अशा वसाहतींतील लहान उद्योग तयार सुटे भाग विकत घेऊन ग्राहकाच्या गरजेनुसार पॅनेल जुळवतात. त्यांचे मूल्यवर्धन मुख्यतः जोडणीच्या अचूकपणात असते.

एका दिव्यात तीन रंग

लाल एलईडी १९६२ मध्ये विकसित झाला. तेजस्वी निळा एलईडी १९९० च्या दशकात आला. या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर एकाच दिव्यातून अनेक रंग दाखविणे सुलभ झाले. तीन दिव्यांऐवजी एक दिवा वापरल्यास पॅनेलवरील जागा, छिद्रे व जोडणीचा वेळ वाचतो.

तीन रंगांच्या दिव्याला साधारणतः चार तारा असतात : प्रत्येक रंगाची एक व एक सामाईक. नियंत्रकाचे निर्गम धन दाब देत असतील, तर सामाईक तार ऋण बाजूस जोडावी लागते. २४ व्होल्टच्या तयार दिव्यांत विद्युतधारा मर्यादित ठेवणारा रोधक बहुधा आतच असतो. सुटा एलईडी जोडताना मात्र तो स्वतंत्रपणे लावावा लागतो. लाल एलईडीवर सुमारे २ व्होल्ट दाब पडतो. २० मिलिअँपिअर धारेसाठी २२ व्होल्ट भागिले ०.०२ अँपिअर, म्हणजे ११०० ओहम रोध हवा. निळ्या एलईडीस सुमारे ३ व्होल्ट लागतात. म्हणून प्रत्येक रंगास वेगळा रोधक आवश्यक ठरतो. सर्वांसाठी एकच रोधक ठेवल्यास कमी दाबावर पेटणारा लाल एलईडीच बहुतेक धारा घेतो.

बचतीची किंमत

आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या ६०२०४-१ या मानकानुसार लाल रंग धोका, पिवळा असाधारण स्थिती, हिरवा सामान्य स्थिती, निळा चालकाची सक्तीची कृती आणि पांढरा तटस्थ माहिती दर्शवितो. बहुरंगी दिव्यात लाल व हिरवा एकाच वेळी पेटले तर पिवळसर रंग दिसतो. म्हणजे रिले अडकल्यास धोक्याचा संदेश केवळ इशारा भासेल. एका वेळी एकच रंग पेटेल अशी संपर्कांची परस्परबंदी हा त्यावरील उपाय होय. निर्गमातून झिरपणाऱ्या अल्प धारेनेही एलईडी मंद उजळतो. दिव्यास समांतर रोधक जोडून हा दोष दूर करता येतो.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. लाल व हिरवा यांतील फरक न ओळखणारा कामगार तीन स्वतंत्र दिव्यांच्या जागेवरून अर्थ लावू शकतो. एकाच दिव्यात हा आधार नाहीसा होतो. त्यामुळे धोक्यासाठी लुकलुकणारा प्रकाश, ध्वनिसंकेत किंवा लिखित पाटी यांची जोड द्यावी लागते. पॅनेल बनविणाऱ्याची बचत आणि कामगारावरील जोखीम यांतील ही विसंगती अर्थशास्त्रात 'बाह्य परिणाम' या संज्ञेने ओळखली जाते.

मानकांचे महत्त्व

मानकाचा वापर एका उद्योगाने केल्याने दुसऱ्यासाठी ते कमी होत नाही; उलट वापरणारे वाढतात तशी त्याची उपयुक्तता वाढते. पीन्यातील पॅनेल पुण्याच्या कारखान्यात बसविले, तरी तेथील कामगारास रंगांचा अर्थ नव्याने शिकावा लागत नाही. लहान उद्योगास स्वतःची संकेतप्रणाली रुजविणे परवडणारे नसते; सामाईक मानकामुळे त्याला मोठ्या उत्पादकाच्या बरोबरीने बाजारात उभे राहता येते. १९९५ पासून लागू असलेला जागतिक व्यापार संघटनेचा तांत्रिक अडथळ्यांविषयीचा करारही आंतरराष्ट्रीय मानकांच्या वापरावर भर देतो. भारतात १९४७ मध्ये भारतीय मानक संस्था स्थापन झाली. १९८७ मध्ये तिचे रूपांतर भारतीय मानक ब्यूरोत झाले.

मानक कागदावर असणे मात्र पुरेसे नाही. प्रशिक्षित तंत्रज्ञ, परवडणारी चाचणी आणि केवळ किमान किमतीवर न ठरणारी खरेदी यांची जोड मिळाली तरच त्याचा लाभ यंत्रापुढे उभ्या असलेल्या कामगारापर्यंत पोहोचेल.

सरावासाठी प्रश्न

१. मानकांना सार्वजनिक वस्तू का म्हणता येईल? सोदाहरण स्पष्ट करा.
२. औद्योगिक सुरक्षेच्या संदर्भात 'बाह्य परिणाम' ही संकल्पना विशद करा.